कूलर लावून तापवलेली जमीन

काशीत जमीन गोठत नाही. माघातली थंडी हाडात शिरते, धुक्यात समोरची नाव दिसत नाही, घाटाच्या पायऱ्या अनवाणी पायाला चावतात. पण जमीन गोठत नाही. दोन हात खणलं की माती कोमट लागते. माती तपासण्याच्या धंद्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली आणि तेवढ्या काळात हे वाक्य मी बेधडक बोलत आलो. ते एकाच ठिकाणी खोटं ठरलं. त्या ठिकाणी जमिनीवर मटार ठेवले होते.

आधी धंदा सांगतो, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. घर, पूल, पाण्याची टाकी, काहीही बांधायचं तर खालची माती किती वजन पेलेल हे कुणीतरी पाहावं लागतं. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, जमिनीत भोक पाडायचं, ठरलेल्या वजनाचा हातोडा ठरलेल्या उंचीवरून सोडायचा आणि नळी किती ठोक्यांत किती खाली गेली ते मोजायचं. मधून मधून नळीतली माती न मोडता काढायची, दोन्ही तोंडांना मेण लावून प्रयोगशाळेत न्यायची आणि तिथे ती दाबून, भिजवून, वाळवून पाहायची. शेवटी अहवाल लिहायचा. गिऱ्हाइकाला अहवाल नको असतो, त्याला ‘हो’ हवं असतं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एकाने तपासायची माती मिठाईच्या डब्यातून पाठवली; वर तुळशीची दोन पानं होती, म्हणजे कुंडी रिकामी केलेली दिसत होती. एका मठाचे महंत अहवाल उलटा धरून म्हणाले, “यह सब ठीक है, पर माटी प्रसन्न है कि नहीं?” एका गृहस्थांनी भोक पाडायची जागा बदलायला लावली, कारण नेमकी तिथे त्यांची म्हैस बसायची. म्हैस उठवणं अहवाल बदलण्यापेक्षा अवघड होतं. आम्ही भोक सरकवलं.

कॉलेजात असताना संध्याकाळी एका हिंदी दैनिकात मी बातम्या लिहीत असे. तिथल्या उपसंपादकांची एक ताकीद होती: काय झालं ते आधी, का झालं ते नंतर. बातमीपेक्षा मातीत ती मला जास्त उपयोगी पडली. तडा गेलेल्या घरी गेलं की दारातच लोक ‘का’ सांगू लागतात. ‘काय’ पाहायला कुणी वाकत नाही.

कॉलेजच्या पुस्तकात चिकणमाती गोठण्या-वितळण्यावर एक प्रकरण होतं. प्राध्यापक म्हणाले, “लडाखला बदली झाली तर वाचा.” वर्ग हसला आणि पान उलटलं. त्या प्रकरणाची गरज लडाखला न जाता, रिंगरोडच्या पलीकडे, एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडली.

दसरा होऊन गेला होता. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी मुक्ताचा फोन आला. मुक्ता बालाजी घाटाजवळच्या आबा जोशींची मुलगी. आबा वेदपाठशाळेत शिकवायचे, मुलगी अन्नप्रक्रिया शिकली आणि विद्यापीठातच भेटलेल्या एका ठाकूर मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा रेल्वेत, सतत बदलीवर. सासरचं कोल्ड स्टोरेज होतं, ते मुक्ताच पाहू लागली होती.

“काका, एक दिक्कत आलीय. चेंबरचा दरवाजा लागत नाहीये.”

“मग सुताराला बोलाव. मला कशाला?”

“तीनदा बोलावला. तीनदा खालून रंदा मारून गेला. दरवाजा तेवढाच आहे, काका. फर्श वर येतंय.”

फर्श खाली जातं, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. वर येतं हे प्रथमच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी गेलो.

कोल्ड स्टोरेज म्हणजे खिडक्या नसलेली उंच इमारत. आत चार मोठ्या खोल्या, त्यांना चेंबर म्हणतात. बटाट्याचं गणित सोपं असतं: फाल्गुनात भरायचा, पाणी गोठणार नाही इतपतच थंडीत ठेवायचा, दिवाळीच्या पुढेमागे रिकामा करायचा, मग मशीन बंद. दारं उघडी टाकायची, फरशी पाइप लावून धुवायची, चुना मारायचा. याला ते ‘मशीन को आराम देना’ म्हणतात. मुक्ताच्या सासऱ्यांचं, रामजनम सिंहांचं, सारं आयुष्य या चक्रात गेलं होतं. चार वर्षांपूर्वी मुक्ताने हट्टाने तीन नंबरचं चेंबर मागून घेतलं आणि त्यात मटार ठेवायला सुरुवात केली. इथला मटार गोड, जानेवारीत मातीमोल भावाने जातो. सोलून, गोठवून ठेवला तर वर्षभर विकतो. पण गोठवलेल्या मटाराला बटाट्याची थंडी पुरत नाही. शून्याच्या खाली वीस अंश लागतात.

रामजनम सिंह अंगणात खाटेवर बसले होते. भरघोस पांढऱ्या मिशा, खांद्यावर गमछा. त्यांनी मला ‘का’ लगेच सांगितलं.

“पंडितजी, धरती मैया नाराज हैं। आलू इतने साल रहा, फर्श हिला? मटर आया, फर्श उठा। सीधा हिसाब है।”

मशीन चालवणारा लालमन मिस्त्री म्हणाला, मागच्या पिंपळाचं मूळ आलं असेल. शेजाऱ्याची नवी बोअरवेलही संशयितांत होती. ठेकेदाराचं नाव घेऊन एकदा थुंकून झालं होतं.

“बाबूजींनी ठरवलंय,” मुक्ता मराठीत म्हणाली, म्हणजे सासऱ्यांना कळू नये म्हणून. “खिचडीपर्यंत फर्श ठीक झालं तर ठीक. नाहीतर तीन नंबर वापस आलूला. मग माझं मटारचं सगळं संपलंच, काका. दुसऱ्यांदा चेंबर कोण देतंय मला?”

खिचडी म्हणजे संक्रांत. इकडे सणालाही त्या दिवशी शिजणाऱ्या पदार्थाचंच नाव आहे. त्याच सुमाराला मटार येऊ लागतो.

आत गेलो. लालमनने दिलेला जाड कोट घातला तरी दात वाजत होते. लोखंडी मांडण्या मधल्या वाटेकडे पाठ करून भिंतींकडे झुकल्या होत्या, रुसलेल्या पाहुण्यांसारख्या. मुक्ताने फाटक्या पिशवीतून मूठभर मटार काढले आणि खोलीच्या मधोमध फरशीवर सोडले. ते गोट्यांसारखे चारी बाजूंना पळाले आणि भिंतीला लागून थांबले. खोलीची फरशी उलट्या परातीसारखी झाली होती. दोन आणि तीन नंबरमधल्या भिंतीत केसाएवढी चीर होती. पलीकडे दोन नंबरमध्ये अजून छतापर्यंत बटाट्याची पोती होती आणि पाच-सहा पल्लेदार ती पाठीवरून बाहेर काढत होते. ती चीर मला फरशीपेक्षाही जास्त खटकली.

काय झालं ते पाहायचं तर भोक पाडणं आलं. मशीनने फरशी कापली, खालचा थर्माकोलचा थर कापला, त्याखालची वाळू काढली आणि नळी मातीत घातली. ती जाईना. काशीची पिवळी चिकणमाती, तिच्यात नळी लोण्यात सुरी जावी तशी जाते. इथे दगड फोडल्याचा आवाज येत होता. मोठ्या मुश्किलीने हातभर लांबीचा गट्टू बाहेर आला. बाहेर उन्हात आणून पाहिला. मातीचा पापुद्रा, मग बर्फाचा, पुन्हा मातीचा, पुन्हा बर्फाचा. चिरोट्याला जसे पदर सुटतात तसे. मुक्ताने बोट लावलं.

“हे काचेसारखं काय आहे?”

“बर्फ.”

“इथे? काशीत?”

लालमनने हात जोडले. बर्फाला की मातीला, हे सांगता येणार नाही.

आता ते न वाचलेलं प्रकरण. पाणी गोठलं की फुगतं हे शाळेत शिकवतात. पण तेवढ्याने एवढी फरशी उचलली जात नाही. खरी गंमत पुढे आहे. वाळूत कणांमधली जागा मोठी असते. पाणी जागच्या जागी गोठतं आणि गप्प बसतं. चिकणमातीत ही जागा इतकी बारीक असते की त्यातलं काही पाणी शून्याखालीही पातळच राहतं. जिथे बर्फ होऊ लागतो तिथे तो खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढू लागतो, समईची वात तेल ओढते तसं. ओढलेलं पाणी गोठतं, पदर जाड होतो, आणखी ओढतो. वरचं सगळं, माती, वाळू, फरशी, मांडण्या, मटार, हळूहळू वर चढतं. आवाज होत नाही. पिंपळ लागत नाही.

आणि वितळताना? बर्फाच्या दोन पदरांमधली माती पाणी गमावून सुकी, चपटी झालेली असते. बर्फ वितळला की त्या चकत्या पाण्यात तरंगतात. पाण्याला निघून जायला वेळ आणि वाट मिळाली तर माती दबून बसते. नाही मिळाली तर तिचं पिठलं होतं. पुन्हा गोठली की त्याच भेगांतून पाणी पहिल्यापेक्षा सहज चढतं. म्हणजे एकदा गोठण्यापेक्षा गोठणं-वितळणं-गोठणं वाईट.

“मुक्ता, हे चेंबर मधून कधी बंद ठेवलंस?”

“दर साल. डिसेंबरमध्ये माल संपला की बाबूजी मशीनला आराम देतात. मग धुलाई.”

“पाइप लावून?”

“पाइप लावून. आणि मग गंगाजल.”

गंगाजल लोटीभर असेल. त्याआधीचं पाणी मात्र टाकीभर होतं, आणि ते फरशीच्या सांध्यांतून सरळ खाली जात होतं. बटाट्याचं पथ्य मटाराला लावलं होतं. दर हिवाळ्यात माती वरवर वितळायची, भरपूर पाणी प्यायची आणि जानेवारीत पुन्हा गोठायची. याहून चांगली सोय प्रयोगशाळेतही होत नाही.

पण मुळात थंडी मातीपर्यंत पोचली कशी? थर्माकोल थंडीला उशीर करतो, अडवत नाही. म्हणून अशा फरशीखाली वाळूत नळ्या टाकतात. एका भिंतीतून बाहेरची हवा आत जाते, दुसऱ्या भिंतीतून निघते, आणि जाता जाता मातीला ऊब देते. मुक्ता म्हणाली, नळ्या टाकल्या होत्या, तिने स्वतः पाहिल्या होत्या. आम्ही इमारतीला फेरी मारली. नळी कुठेही नव्हती. पूर्वेच्या भिंतीवर जमिनीलगत एका रांगेत थोडा वेगळा चुना दिसला. खरवडला. खाली विटा.

“लालमन, यह किसने किया?” मुक्ताने विचारलं.

लालमन पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. “बहूजी, चूहा आवत रहे... साँप भी...”

“हम बंद करवाए थे,” मागून आवाज आला. रामजनम सिंह गमछा सावरत उभे होते. “पहले ही साल। जेठ का महीना, बाहर लू चल रही है, और यहाँ गरम हवा सीधे ठंडे घर के नीचे जा रही है। बिजली हमारी, ठंडक हमारी। बहू, तुम घर में कूलर चलाकर खिड़की खुली छोड़ोगी?”

प्रश्न चुकीचा नव्हता. जेठात, अंग भाजणारी लू चालू असताना, काशीतला कुठलाही शहाणा माणूस हेच करील. घरोघरी वाळ्याचे पडदे भिजवून बसणारं हे गाव. गरम हवेला स्वतःहून वाट करून द्यायची ही कल्पनाच इथे मूर्खपणाची. मी त्यांना सांगितलं की ती हवा मटारासाठी नव्हती, मातीसाठी होती. ते म्हणाले, “माटी को गरमी की क्या कमी है, पंडितजी?” आणि खाटेकडे गेले.

दोन दिवसांनी मुक्ताचा फोन. या वेळी आवाज पडलेला.

“काका, बाबूजींनी मशीन बंद करवलंय. म्हणतात, बर्फच आहे ना, मग गरम पाणी टाका, आज शामपर्यंत फर्श खाली बसेल. मी बोलले तर म्हणाले, बर्फ तुमच्या पंडितजींनीच दाखवला.”

ऑटो मिळेना. मिळाली ती ई-रिक्षा, आणि ती कचहरीजवळ एका मिरवणुकीत अडकली. पोचलो तेव्हा तीन नंबरची दारं सताड उघडी होती. अंगणात चुलाण्यावर कढईभर पाणी उकळत होतं आणि लालमन पाइप सोडवत होता. पलीकडे पल्लेदारांची ये-जा चालूच होती, त्या चीर गेलेल्या भिंतीच्या पलीकडून.

अशा वेळी समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मी मुक्ताला एवढंच सांगितलं की दोन नंबरमधली माणसं आधी बाहेर काढ. ती धावली. मातीचा गट्टू मी मुद्दाम तिच्या मटारातच ठेवायला सांगितला होता. तो मागवला, मोडून दोन तुकडे केले. एक स्टीलच्या ताटात ठेवला. दुसरा वाळू भरलेल्या परातीत, सावलीला. पहिल्यावर चहाने भरलेला कुल्हड ठेवला, दुसऱ्यावर अख्खी वीट.

“बाबूसाहेब, एक चाय मेरी तरफ़ से। पर हाथ नहीं लगाना है।”

कढईतलं पाणी लोट्याने ताटातल्या तुकड्यावर ओतलं. पहिल्या लोट्याला काही झालं नाही. दुसऱ्याला कडा ओघळल्या. तिसऱ्याला तुकडा एका अंगाने बसला, कुल्हड कलला आणि चहा ताटात सांडला. माती, पाणी, चहा, सगळं एक झालं. त्यात कुल्हड बुडत होता. तो कुल्हडही मातीचाच; पण भाजलेला.

रामजनम सिंह ताटाकडे पाहत राहिले. “और वह ईंट?”

“उसे शाम को देखेंगे।”

ते उठले नाहीत. जेवण खाटेवरच मागवलं. पल्लेदार पिंपळाखाली खैनी मळत परातीभोवती बसले; एकाने वीट पडणार यावर विडीचं बंडल लावलं. ऊन उतरलं. परातीतला तुकडा खाली बसला होता, बोटभर तरी. वाळू भोवतीने ओली झाली होती. वीट सरळ होती. बंडल गेलं.

रामजनम सिंहांनी अंगठ्याने तुकडा दाबला. अंगठा रुतला नाही. मग ते मागे वळून म्हणाले, “मशीन चालू करो, लालमन। और कढ़ाई उतारो, यहाँ कोई बारात आई है?”

आता हळू वितळवायचं होतं. मुक्ताने उरलेला माल ओळखीच्या दुसऱ्या कोल्डमध्ये हलवला. मशीन चालू, पण थंडी रोज थोडी कमी. दोन नंबरमधले बटाटे आधी भिंतीपासून लांबचे, मग जवळचे, असे थोडे थोडे काढले आणि भिंतीला लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले. दोन्ही भिंतींतली नळ्यांची तोंडं विटा फोडून उघडली. शेवटची वीट रामजनम सिंहांनी स्वतः पाडली. लालमनच्या हातातला हातोडा घेतला आणि काम झाल्यावर तसाच परत दिला.

नळ्या उघडल्या, पण त्यांत बर्फ होता आणि हवा आपण होऊन जाईना. मोठे पंखे मागवायचे तर आठवडा लागणार होता. अंगणाच्या कोपऱ्यात ऑफिसचा कूलर गोणपाट पांघरून पडला होता; काशीत दसऱ्यानंतर सगळेच कूलर असे पडून असतात. लालमन म्हणाला, “एकर हवा कम है का?” म्हणजे, याची हवा काय कमी आहे? गवत काढलं, पाणी घातलं नाही, तोंडाला पत्र्याचं नरसाळं ठोकून नळीला जोडलं. हवा गेली. मग कूलर गोळा करणं सुरू झालं. मुक्ताने नातेवाइकांना फोन लावले. आबांचा कूलर बालाजी घाटाच्या गल्लीतून दोन माणसांनी उचलून वर आणला आणि ई-रिक्षात बसवला. आबा शेजारी बसून आले. अंगणात उतरून त्यांनी रांगेत लावलेले कूलर पाहिले.

“मुक्ते, हे थंड करायचं चाललंय की गरम?”

“गरम, आबा.”

“कूलर लावून?”

“हो.”

आबांनी थोडा विचार केला. “कार्तिक आहे. आमच्याकडे या महिन्यात आकाशात दिवे टांगतात, तुम्ही जमिनीला पंखे लावा. तुझी सासू बरी आहे ना?”

डिसेंबर-जानेवारीत काशीकर ज्या हवेला शिव्या घालून शेकोटीला बसतात, ती हवा त्या मातीला उन्हासारखी होती. पहिल्या आठवड्यात पलीकडच्या नळ्यांतून काही आलं नाही. मग थेंब आले, मग धार. पाणी चरातून बाहेर काढलं. फरशीवर चुन्याने खुणा केल्या होत्या. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून मुक्ता दर सकाळी पातळी पाहायची आणि मला फोन करायची. “काका, चावलभर बसलं.” कधी “आज काहीच नाही.” एकदा नुसतंच “मांडणी सीधी झाली,” आणि फोन बंद. मधूनच एक बाजू जास्त बसू लागली की त्या बाजूचे कूलर थांबवायचे. लालमनला याचा इतका नाद लागला की तो कूलरना माणसांच्या नावांनी बोलवू लागला. आबांचा कूलर सगळ्यांत गोंगाट करायचा; त्याला तो ‘शास्त्रीजी’ म्हणे.

खिचडीच्या दिवशी मला जेवायचं निमंत्रण होतं, आणि निकालाचंही. जेवण आधी नको म्हणालो.

दार लागलं. नुसतं बोटाने ढकललं आणि लागलं. भिंतीतली चीर वाढली नव्हती. मुक्ताने मटार सोडले. भिंतीलगतचे जागीच राहिले. मधले मात्र आळसावल्यासारखे थोडे सरकले. मधला उंचवटा पुरता गेला नव्हता. मी तिथे भोक पाडून नळी घातली. ती फार सहज गेली. कडेच्या मातीने पुष्कळ ताकद परत मिळवली होती. मधली, जिथे बर्फ सगळ्यांत जाड होता आणि जिने सगळे हिवाळे भोगले होते, ती मऊ होती. माती गोठून वितळली की पूर्वीची होत नाही. या वाक्याला धंद्यात उपाय आहेत, पण ते संक्रांतीच्या दुपारी करता येत नाहीत.

मुक्ता माझ्याकडे पाहत होती. रामजनम सिंहही. दोघांनाही ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं, आणि दोघांना वेगवेगळं हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आधी त्यांना हिंदीत सांगितलं, मग तेच तिला मराठीत.

“दोन्ही कडांना मांडण्या लावा. मधे काही ठेवायचं नाही, नुसती चालायची वाट. वर्षभर पाहू, मग मधली माती बदलू. आणि मशीन आता मधे बंद करायचं नाही. आराम नाही, धुलाई नाही.”

“म्हणजे आधं चेंबर,” मुक्ता म्हणाली.

“अर्ध्याहून थोडं जास्त.”

तिने मान खाली घातली. अर्ध्या चेंबरवर तिचं वर्ष निघणार नाही हे मला कळत होतं. माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं आणि खोटं द्यायची सवय नव्हती. नंतर मला वाटून गेलं की एक वर्ष आधी फोन आला असता तर मधली मातीही वाचली असती. पण तेव्हा सुतार चालू होता.

रामजनम सिंहांनी मिशीवरून हात फिरवला. “चार नंबर इस साल खाली रहेगा क्या?” त्यांनी लालमनला विचारलं.

“आलू कम बा, बाबूजी। चार पूरा खाली रही।”

“तो उसके नीचे भी पाइप डलवाओ। अभी, मटर से पहले।” मग सुनेकडे न पाहता म्हणाले, “और इस बार जाली लगवाना, बहू। चूहा सच में आता है।”

मुक्ता हसली नाही, पण तिने मला वाढायला घेतलं तेव्हा खिचडीवर तूप थांबतच नव्हतं.

याला आता काही वर्षं झाली. मी धंदा सोडला. तीन नंबरच्या मधली माती बदलली गेली. मागच्या थंडीत मुक्ताने मटारचा निमोना खायला बोलावलं होतं, तेव्हा सकाळी लवकर पोचलो. पूर्वेच्या भिंतीशी रामजनम सिंह उकिडवे बसले होते, हातात उदबत्ती. एकेका नळीच्या तोंडाशी ती धरायचे, धूर आत ओढला जातो का पाहायचे आणि पुढे सरकायचे. ही त्यांची रोजची तपासणी, मुक्ता म्हणाली. आजवर चुकलेली नाही.

पण उदबत्ती घेऊन भिंतीशी वाकलेला म्हातारा काशीत दिसला की पुढचं आपोआप होतं. मटार सोलायला येणाऱ्या बायकांनी नळ्यांना कुंकू लावलं होतं. जवळपास प्रत्येक तोंडाशी झेंडू होता. एका नळीच्या जाळीत तर अख्खी माळ कोंबलेली होती, आणि तिथे उदबत्तीचा धूर आत न जाता सरळ वर चालला होता.

रामजनम सिंहांनी ती माळ बोटांनी उपसून काढली, दोनदा झटकली आणि सोलायला बसलेल्या बायकांकडे वळून ओरडले, “कितनी बार कहा, फूल बाहर रखो! यहाँ धरती मैया साँस ले रही हैं!”

मग त्यांनी उदबत्ती पुन्हा धरली. धूर वाकला आणि आत गेला.